बाहेरच्या विषयाचा तास

विद्यार्थिमित्रांनो, आणखी दोन-चार वर्षांनी तुम्ही महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज भरायला बसाल. नाव, पत्ता, गुण हे सारे लिहून झाले की मुख्य विषयाचा रकाना येईल. समजा, तुम्ही तिथे मोठ्या हौसेने 'पदार्थविज्ञान' असे लिहिले. पण अर्ज तेवढ्यावर संपत नाही. पुढे आणखी एक रकाना असतो. त्यात तुमच्या शाखेबाहेरचा एखादा विषय निवडावाच लागतो. तो रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकत नाही. तुम्ही वैतागून म्हणाल, "मला इलेक्ट्रॉनचा अभ्यास करायचा आहे. मी अर्थशास्त्राच्या वर्गात कशाला बसू?" तिकडे इतिहासाची आवड असलेली तुमची मैत्रीण म्हणत असेल, "गणितातून सुटले म्हणून तर मी कला शाखेला आले. आता पुन्हा संख्याशास्त्र?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीच्या अभ्यासक्रमाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० श्रेयांक धरले आहेत. त्यांपैकी ९ श्रेयांक 'बहुविद्याशाखीय' विषयांचे, म्हणजे तीन-तीन श्रेयांकांचे तीन अभ्यासक्रम. एक श्रेयांक म्हणजे सुमारे पंधरा आठवडे, आठवड्याला एक तास. हिशेब करून पाहा: ९ गुणिले १५ म्हणजे १३५ तास. एकूण १८०० तासांत हे साडेसात टक्के भरतात. शिवाय अकरावी-बारावीला जे विषय शिकून झाले, तेच या रकान्यात पुन्हा घेता येत नाहीत. विद्यापीठागणिक नावे आणि आकडे थोडे बदलतात, परंतु कल्पना तीच.

१३५ तास हे काही थोडे नव्हेत. तेवढ्या वेळात प्रयोगशाळेत पुष्कळ काम होते. मग हे तास सक्तीने दुसऱ्या विषयाला द्यायला लावावेत का? या प्रश्नावर वादविवाद स्पर्धा भरवल्या तर दोन्ही बाजूंनी टाळ्या पडतील. 'व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास' हे शब्द दर दोन मिनिटांनी ऐकू येतील आणि शेवटी हाती काही लागणार नाही. म्हणून आपण वेगळ्या वाटेने जाऊ. वाद थोडा वेळ बाजूला ठेवू आणि एक नाणे तोलू.

आपल्या देशातील सर्वांत जुन्या नाण्यांना 'आहत नाणी' म्हणतात. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, वजनात बसेपर्यंत त्यांचे कोपरे छाटायचे आणि मग त्यांवर एकेक ठसा ठोकायचा, अशी ती तयार होत. पुढच्या बाजूवर बहुधा पाच ठसे असतात. सूर्य, डोंगर, झाड, प्राणी अशी चित्रे त्यांत दिसतात. मागच्या बाजूवर लहान लहान खुणा असतात, कधी एक, कधी अनेक. त्यांवर राजाचे नाव नाही, सनही नाही. मग कोणती नाणी आधीची आणि कोणती नंतरची, हे ओळखायचे कसे?

१९२४ मध्ये तक्षशिलेच्या उत्खननात अशा हजाराहून अधिक नाण्यांचा एक साठा सापडला. त्यात अलेक्झांडर आणि फिलिप अऱ्हिडियस यांची जवळजवळ नवीकोरी नाणीही होती. त्यावरून हा साठा इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस जमिनीत पुरला गेला असावा, एवढे कळत होते. पण साठ्यातल्या आहत नाण्यांचा आपसातला क्रम मात्र कळत नव्हता. चित्रांच्या अर्थावर विद्वान भांडत होते. एकाला जो डोंगर वाटे, तो दुसऱ्याला स्तूप वाटे.

या भांडणात एक गणिती शिरला. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्याचे नाव. गोव्यातील कोसबें गावी १९०७ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध ग्रंथांचे मोठे पंडित. त्यांच्याबरोबर दामोदर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. परत आल्यावर बनारस, अलीगढ आणि मग पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय अशा ठिकाणी त्यांनी गणित शिकवले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना ते पुण्याहून डेक्कन क्वीनने जा-ये करीत, हे तुमच्या आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी पुणेकरांना ठाऊक होते. संख्याशास्त्र नुसते पुस्तकातून वाचण्यापेक्षा एखादा खरा प्रश्न सोडवत शिकावे, असा त्यांचा स्वभाव. अशा प्रश्नांपैकी एक होता आहत नाण्यांचा.

कोसंबींनी चित्रांचा अर्थ विचारलाच नाही. त्यांनी नाण्यांचे वजन विचारले.

आता नीट लक्ष द्या. नाणे हातोहात फिरते. प्रत्येक वेळी ते बोटांना, कापडाला, दुसऱ्या नाण्याला घासते आणि त्याचे कणभर चांदीचे अंग झिजते. एका वेळची झीज डोळ्यांना दिसणार नाही, पण वर्षानुवर्षांची झीज तराजूत दिसते. थोडक्यात असे समीकरण मांडता येईल:

आजचे वजन = मूळचे वजन − (एका वर्षाची झीज × वर्षे)

हे समीकरण एकेका नाण्याला लागू पडेल का? नाही. समजा, एकाच दिवशी टांकसाळीतून निघालेली दोन नाणी आहेत. एक रोज बाजारात फिरले, दुसरे कुणा आजीबाईंच्या बटव्यात वीस वर्षे पडून राहिले. दोन्हींचे वय तेच, पण झीज वेगळी. म्हणून एका नाण्यावरून काहीच बोलता येत नाही. एकाच प्रकारची शंभर नाणी घेतली, तर मात्र आजीबाईंचे बटवे आणि बाजारपेठा यांची सरासरी निघते, आणि ती सरासरी काळाबरोबर बऱ्याच नियमितपणे खाली येते.

आणखी एक गंमत होते. नवीन नाणी एकमेकांच्या वजनाला बरीच जवळ असतात, कारण टांकसाळीत ती तोलूनच सोडलेली असतात. जसजसे दिवस जातात तसतशी ती एकमेकांपासून दूर पडतात. फिरणारी जास्त झिजतात, पडून राहिलेली कमी. म्हणजे सरासरी घटते आणि त्याच वेळी वजनांचा पसारा वाढतो. या पसाऱ्याला संख्याशास्त्रात 'विचरण' म्हणतात. तेव्हा घड्याळ एक नसून दोन झाली: एक सरासरीचे, दुसरे पसाऱ्याचे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका साठ्यात 'क' ठशाची शंभर नाणी आहेत. त्यांची सरासरी ३.४० ग्रॅम आणि बहुतेक सारी ३.३७ ते ३.४३ च्या दरम्यान. 'ख' ठशाचीही शंभर नाणी आहेत. त्यांची सरासरी ३.२८ ग्रॅम, पण काही ३.१५ पर्यंत उतरलेली, काही ३.४० पर्यंत टिकलेली. साठा एकाच दिवशी पुरला गेला असेल, तर 'ख' नाणी त्याआधी जास्त काळ फिरली होती, म्हणून ती जुनी. चित्राचा अर्थ माहीत नसताना आपण क्रम लावला!

तक्षशिलेच्या नाण्यांच्या बाबतीत कोसंबींना आणखी एक धागा सापडला. मागच्या बाजूवरच्या खुणा जितक्या जास्त, तितके सरासरी वजन कमी. यावरून त्यांनी तर्क केला की व्यापारी लोक ठरावीक काळाने नाणी तपासत असावेत आणि तपासल्याची खूण मागे ठोकत असावेत. चालू नाणीही त्यांनी अशीच तोलून पाहिली, कारण फिरण्यामुळे नाण्यांचे नेमके काय होते ते आधी कळायला हवे. १९४१-४२ च्या सुमारास या विषयावरचे त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले.

इथपर्यंत वाचून एखादा विज्ञानाचा विद्यार्थी कॉलर ताठ करील: "पाहा, इतिहासाचा प्रश्न शेवटी गणिताने सोडवला!" थोडे थांबा. आता आपण त्याच विद्यार्थ्याला एक कोडे घालू.

आजपासून दोन हजार वर्षांनी कुणाला एका मडक्यात आपली रुपयाची नाणी सापडली. सन पुसून गेले आहेत, धातू तोच पोलाद. एका गटाची सरासरी ४.८ ग्रॅमच्या आसपास, दुसऱ्या गटाची ३.८ ग्रॅमच्या आसपास. आपला विद्यार्थी समीकरण काढतो. हलकी नाणी जास्त झिजलेली, म्हणून ती जुनी. उत्तर तयार!

उत्तर साफ चुकले. १९९२ पासून निघू लागलेला पोलादी रुपया ४.८५ ग्रॅमचा होता. २०११ च्या मालिकेत तो लहान करून ३.७९ ग्रॅमचा केला गेला. म्हणजे हलके नाणे नवीन आहे आणि जड नाणे जुने. गणितात कुठेही चूक नाही. वजाबाकी बरोबर, सरासरी बरोबर. चूक आहे ती समीकरणातल्या 'मूळचे वजन' या दोन शब्दांत. ते सर्व नाण्यांना सारखे असते, असे आपण न बोलता धरून चाललो होतो.

नाण्याचे मूळ वजन कोण ठरवते? गणित नव्हे. ते राजा ठरवतो, सरकार ठरवते, टांकसाळ ठरवते. ते का बदलते? कधी धातू महागतो, कधी युद्धात खजिना रिकामा होतो, कधी राजा चांदीत तांबे मिसळून तेवढ्याच चांदीत जास्त नाणी पाडतो. ही सारी अर्थशास्त्राची आणि इतिहासाची बाब. कोसंबींच्या पद्धतीवर नाणकशास्त्रज्ञांनी जे आक्षेप घेतले, तेही याच जातीचे होते. निरनिराळ्या टांकसाळींचे मूळ वजन एकच होते कशावरून? जमिनीत गंजल्याने किंवा साफ करताना चांदी गेली असेल तर? असे प्रश्न विचारायला समीकरण पुरत नाही. नाणी कशी पाडतात आणि कशी पुरतात, हे माहीत असावे लागते.

उलट बाजूही पाहा. त्या मडक्यातल्या हलक्या नाण्यांची वजने एकमेकांच्या फार जवळ असतील, तर पसाऱ्याचे घड्याळ ओरडून सांगेल की ही नाणी फारशी फिरलेली नाहीत. एक घड्याळ 'जुनी' म्हणते, दुसरे 'नवी' म्हणते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरते आहे. नुसता इतिहास शिकलेल्याला हा इशारा ऐकू येणार नाही, कारण पसारा मोजायचा असतो हेच त्याला कुणी सांगितलेले नाही.

बाहेरच्या विषयाची खरी गरज मला या ठिकाणी दिसते. आपल्या विषयात आपण काही गोष्टी गृहीत धरतो, आणि त्या खऱ्या की खोट्या हे ठरवण्याचे साधन पुष्कळदा शेजारच्या विषयाच्या घरात असते. त्या घरात जाऊन राहायला नको, पण त्याचे दार कुठे आहे आणि आत कोणाला हाक मारायची, एवढे तरी ठाऊक हवे. स्वतः कोसंबी तर त्या घरात राहायलाच गेले. नाणी कोणी पाडली या प्रश्नातून ते जुन्या ग्रंथांकडे वळले, संस्कृतात खोल उतरले, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी सिद्ध केली, आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावर ग्रंथ लिहिला.

"पण कोसंबींवर कुणी सक्ती केली नव्हती," असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. हा आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला भूक आहे तो शोधून खातो. मग सक्ती कशासाठी?

त्याचे उत्तर मी दुसऱ्या एका माणसाच्या गोष्टीतून देतो. मेंडेलचे वाटाणे तुम्ही पुस्तकात वाचले आहेतच. पण मेंडेल हा नुसता बागेत रमणारा साधू नव्हता. १८५१ ते १८५३ या काळात तो व्हिएन्ना विद्यापीठात होता, आणि तिथे त्याने पदार्थविज्ञान शिकले, तेही डॉपलर परिणामाच्या डॉपलरकडे. मोजण्याची आणि गणिती मांडणीची सवय घेऊन तो बागेत परतला. त्या काळचे वनस्पतिशास्त्र मुख्यतः वर्णनाचे. मेंडेलने मात्र वर्णन केले आणि मोजलेही. एका प्रयोगात त्याला ७३२४ बिया मिळाल्या. त्यांत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या होत्या. भागाकार करा: २.९६ येतो, जवळजवळ तीनास एक. आठवीत शिकलेला (अ + ब) चा वर्ग आठवतो ना? अ वर्ग, दोन अब, ब वर्ग. एक, दोन, एक. गोल हा गुण प्रभावी असेल तर पहिले तीन भाग गोल दिसतील आणि चौथा सुरकुतलेला. वाटाण्याच्या शेंगेत बीजगणित बसले होते!

१८६६ मध्ये मेंडेलचा निबंध छापून आला, आणि १९०० पर्यंत त्याची किंमत जवळजवळ कोणाला कळली नाही. चौतीस वर्षे! याला कारणे अनेक आहेत, पण त्यांतले एक असे की वाचणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांना गुणोत्तरांची भाषा परकी होती. मेंडेलपाशी बाहेरचा विषय होता, त्याच्या वाचकांपाशी नव्हता. सक्तीचा प्रश्न येतो तो इथे. कोसंबी किंवा मेंडेल यांच्यासाठी सक्तीचे तास नकोत. ते हवेत तुमच्या-माझ्यासारख्या वाचकांसाठी, जे त्यांचे लिखाण हाती घेऊन बाजूला ठेवतात.

सक्ती असावी की मोकळीक, हा वाद जुना आहे, आणि त्यात दोन्ही प्रयोग करून झाले आहेत. ज्या हार्वर्डमध्ये कोसंबी शिकले तिथलीच गोष्ट पाहा. १८६९ मध्ये चार्ल्स एलियट हा रसायनशास्त्रज्ञ तिथे अध्यक्ष झाला. तोवर सर्व विद्यार्थ्यांना लॅटिन, ग्रीक, गणित असा एकच ठरलेला साचा होता. एलियटने हळूहळू तो मोडला. ज्याला जे आवडेल ते त्याने शिकावे. शतक संपता संपता पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाखेरीज फारसे काही सक्तीचे उरले नाही. नवे विषय आले, विज्ञानाला मान मिळाला, हे मोठे काम झाले. पण पुष्कळ मुले सोपे प्राथमिक वर्ग गोळा करीत पदवीपर्यंत पोहोचू लागली. इकडचे थोडे, तिकडचे थोडे, आणि खोल काहीच नाही. १९०९ मध्ये ॲबट लॉरेन्स लॉवेल अध्यक्ष झाला आणि त्याने दोन्ही टोके बांधली. काही अभ्यासक्रम एकाच विषयात घेतले पाहिजेत आणि काही निरनिराळ्या गटांत वाटले पाहिजेत. आज आपल्या अर्जावर 'मुख्य विषय' आणि 'बाहेरचा विषय' असे जे दोन रकाने दिसतात, त्यांचा एक पूर्वज हा. कोसंबी या लॉवेलच्या हार्वर्डमध्ये शिकले.

पुढे १९६९ मध्ये त्याच देशातील ब्राउन विद्यापीठाने उलटी उडी घेतली आणि बाहेरच्या विषयांची सक्ती काढून टाकली. मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविज्ञान संस्थेत मात्र यंत्रे आणि संगणक शिकणाऱ्यालाही भाषा, कला, समाजशास्त्रे यांतले आठ अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. आपल्या आयआयटींतही अभियंत्यांना मानव्यविद्यांचे काही तास असतात. दोन्ही प्रकारच्या संस्थांतून उत्तम माणसे बाहेर पडली आहेत. तेव्हा नुसत्या नियमावरून निकाल लागत नाही, हे मान्य करायला हवे.

आपल्याकडे तर याची मोठी चाचणी होऊन गेली आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये आदेश दिला, त्यात पर्यावरणाचे शिक्षण सर्व पातळ्यांवर द्यावे असे होते. चित्रपटगृहांत पर्यावरणाविषयीच्या काचचित्रपट्ट्या दाखवाव्यात, असेही त्यात होते. पुढे न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला आणि तो २००४-०५ पासून लागू झाला. वाणिज्य असो की संस्कृत, पर्यावरण सर्वांना सक्तीचे. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी, आणि ते स्वतः पेशाने शल्यचिकित्सक. हाही बाहेरच्या विषयाचाच महिमा!

या अभ्यासक्रमात पन्नास तास होते, त्यांतले पाच प्रत्यक्ष बाहेर जाऊन पाहण्याचे, आणि शंभरांपैकी पंचवीस गुण त्या पाहणीला. कागदावर ही योजना मला आजही चांगली वाटते. व्यवहारात काय झाले? एका महाविद्यालयात मी अशा प्रकल्पवह्या तपासल्या आहेत. साठ वह्या होत्या. सर्वांचा विषय नदीचे प्रदूषण, आणि सर्वांत 'जलपर्णी' हा शब्द 'जलवर्णी' असा लिहिलेला. एकाची चूक साठांनी मन लावून उतरवली होती. नदी महाविद्यालयापासून चालत दहा मिनिटांवर होती, पण तिकडे कोणी फिरकले नव्हते. विद्यार्थ्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. तास घ्यायला शिक्षक नेमलेले नव्हते, दोन वर्ग एकत्र बसवले होते, आणि वह्या शेवटच्या आठवड्यात मागवल्या होत्या. अशी सक्ती विषयाचा द्वेष शिकवते. त्यापेक्षा तो तास रद्द करून मुलांना क्रिकेट खेळू द्यावे, असे मी त्या वेळी रागाने म्हणालोही होतो.

एकसष्टावी वही मात्र वाणिज्य शाखेच्या एका मुलाची होती. ती नदीवर नव्हतीच. त्याने आठ दिवस आपल्या चाळीच्या कचऱ्याची कीर्दखतावणी लिहिली होती. डाव्या बाजूला जमा: रोज किती किलो कचरा निघाला. उजव्या बाजूला खर्च: भंगारवाल्याने किती नेला, गाईला किती घातला, घंटागाडीत किती गेला. दोन्ही बाजू जुळेनात. रोज थोडा फरक राही. वाणिज्याच्या मुलाला बेरीज न जुळणे सहन होत नाही. तो शोधत राहिला आणि त्याला कळले की कुणीतरी मागच्या बाजूला सुका पाला आणि प्लॅस्टिक जाळत होते. फरक धूर होऊन आकाशात जात होता!

रसायनशास्त्रात आपण वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम शिकतो. आत आलेले आणि बाहेर गेलेले जुळले पाहिजे; जुळत नसेल तर वायुरूपाने काही निसटले आहे. त्या मुलाला हा नियम कुणी शिकवला नव्हता. त्याच्याजवळ फक्त जमाखर्च होता. माझ्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना नियम तोंडपाठ होता, पण चाळीच्या कचऱ्याला तो लावावा असे त्यांच्या मनात आले नव्हते. ती वही मी शिक्षकांच्या खोलीत सर्वांना दाखवली, आणि पुढची काही वर्षे रसायनाच्या पहिल्या तासाला तिच्यापासूनच सुरुवात केली.

म्हणून माझे मत असे आहे. थोडी सक्ती असावी, पण ती आधी महाविद्यालयावर असावी. मोकळीक दिली की महाविद्यालय वेळापत्रकात ते तास ठेवतच नाही. पदार्थविज्ञानाचा प्रयोग आणि इतिहासाचे व्याख्यान एकाच वेळी येते, आणि ज्याला दोन्ही हवेत त्यालाही मिळत नाही. नियमामुळे निदान दार उघडे राहते. मग विद्यार्थ्याने कोणत्या दाराने आत जायचे, ते त्याचे त्याने ठरवावे. दुसरे असे की 'बाहेरच्यांसाठी' म्हणून विषयाचा पातळ केलेला रस्सा वाढू नये. अर्थशास्त्राच्या शंभर व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा पंचेचाळीस तासांत एकच प्रश्न घ्यावा, पण त्या विषयाची हत्यारे हातात देऊन घ्यावा. शिक्षकमित्रांनो, हे तुमच्यासाठी आहे: असा तास शिकवायला विभागातला सर्वांत नवखा माणूस पाठवण्याची आपल्याकडे रीत आहे. तिथे खरे तर सर्वांत मुरलेला माणूस हवा, कारण वर्गातला प्रत्येकजण "हे कशाला?" असे विचारणारा असतो.

वेळ जातो, या आक्षेपाचे काय? जातोच. साडेसात टक्के वेळ हा खरा खर्च आहे, तो फुकटचा आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला घरची कामे आणि नोकरी सांभाळून पदवी घ्यायची आहे, त्याला हा खर्च जास्त जड जातो, आणि त्याला निकस तास देणे ही तर त्याची फसवणूकच.

पदवीला अजून अवकाश असेल, तर कोसंबींचा प्रयोग तुम्हाला शाळेतच करता येईल. किराणा दुकानदाराकडून किंवा बसच्या वाहकाकडून पोलादी रुपयाची जुनी, मोठी नाणी बदलून घ्या. १९९२ ते २०१० या सनांमधली प्रत्येक सनाची निदान दहा तरी मिळवा. २०११ नंतरचा लहान रुपया त्यात येऊ देऊ नका. का, ते आता तुम्हाला माहीत आहे. सनाखाली टांकसाळीची खूण पाहा: मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका; कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. शाळेच्या प्रयोगशाळेत मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा तराजू असेल तर उत्तम. सरासरीच हवी असेल तर एका सनाची सारी नाणी एकदम तोलून संख्येने भागा. पसारा हवा असेल तर मात्र एकेक तोलल्यावाचून गत्यंतर नाही.

मग एकाने सन झाकून ठेवावा आणि दुसऱ्याने नुसत्या वजनावरून गटांचा क्रम लावावा. पोलाद चांदीपेक्षा पुष्कळ कठीण, तेव्हा झीज फार थोडी असेल, आणि टांकसाळीतूनच निघताना असलेला फरक त्याहून मोठाही ठरेल. क्रम लागला नाही तर वहीत तसेच लिहा, आकडे ओढूनताणून जुळवू नका. दोन टांकसाळींची नाणी वेगळी करून पुन्हा पाहा. आणि तोलण्याआधी नाणी कोरड्या फडक्याने नुसती पुसा. चकचकीत दिसावीत म्हणून चिंच किंवा राख लावून घासलीत, तर तुम्ही मोजाल ती बाजारातली झीज नव्हे, तुमच्या हातची असेल.